चौतीस टक्के

बुधवार, दुपार
बॅटरीची खोली, जेटी

प्रिय आई,

हे पत्र पारूमावशी तुझ्या हातात देईल. उद्या ती सफाळ्याच्या बाजाराला जातेय, येताना माकुणसारला मामाकडे डोकावते म्हणाली. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. तू चौथीपर्यंतच शिकलीस, पण अक्षराला अक्षर लावून सगळं वाचतेस, हे मला माहीत आहे. म्हणून अक्षर मोठं काढलंय. स्वराला वाचायला देऊ नकोस. मामाची ही नात हुशार आहे, भराभर वाचून दाखवील, पण हे भराभर वाचायचं पत्र नाही. चष्मा लाव, मामाच्या ओट्यावर बस आणि एकटी वाच.

घरी सगळं ठीक आहे. भाग्येशदादाची बोट परवा बोंबील घेऊन आली, वहिनीने बांबूच्या सगळ्या वलांडी भरल्या. वाऱ्यावर ओळीने लटकलेले बोंबील बघितले की तू आत्ता कुठूनतरी ओरडशील असं वाटतं, ‘दाटीवाटीनं नको लावू, वारा फिरला पायजे.’ ऊन चांगलं पडतंय. लिलावाच्या शेडवरची पॅनल सकाळी नऊला वीज द्यायला लागतात आणि दुपारी एकपर्यंत बॅटरी शंभरावर जाते. दर रविवारी मी शिडी लावून पॅनल गोड्या पाण्याने धुते, नाहीतर खाऱ्या वाऱ्याचा पांढरा थर बसतो. तू त्यांना काचा म्हणतेस. मागच्या रविवारी धुताना पारूमावशी खालून ओरडली, ‘गोजराच्या काचा नीट पूस गो!’ आणि मग मान वळवून भराभर चालायला लागली.

लोक विसरले असतील, पण जेटीवरची ती कोल्डरूम तुझ्यामुळे उभी राहिली. बाबा काविळीने गेले, तू माशांची टोपली उचललीस, आणि सात वर्षं मच्छीमार सोसायटीच्या पायऱ्या झिजवल्यास. बर्फ बोटीवाल्यांना मिळायचा आणि तुम्हा बायकांच्या वाट्याला खाली सांडलेला चुरा. दुपारपर्यंत माल मऊ पडायचा. सोसायटीच्या त्या सभेत मी मागे उभी होते. तू उठलीस आणि म्हणालीस, ‘बर्फात हात घालून घालून आमची बोटं वाकडी झाली. आमाला एक खोली द्या, बाकी काय नको.’ पुरुष हसले. तू बसली नाहीस. हसणं संपेपर्यंत तशीच उभी राहिलीस. पुढे सरकारी योजनेतून सोलर आलं, बॅटरीचा पांढरा डबा आला, कोल्डरूम आली, आणि ती सांभाळायला माणूस शोधायची वेळ आली तेव्हा पुन्हा तूच उभी राहिलीस. ‘माजी पोरगी आयटीआय झालीय, वायरीचं काम करते. तिच्यात काय कमी हाय?’ म्हणजे माझी नोकरीही तूच दिलेली.

त्या नोकरीसाठी मला पंधरा दिवस मोठ्या बंदरात शिकायला पाठवलं होतं, आठवतं? तिथली जहाजं धक्क्याला लागली की इंजिनं बंद करतात आणि किनाऱ्यावरून मनगटाएवढ्या जाड केबलने वीज घेतात, हे तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, एवढ्या मोठ्या जहाजाला आपल्या मिक्सरसारखं बटणाला लावतात? आपण खूप हसलो होतो. एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. तिथे शिकवणाऱ्या भगवंत सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. काय बंद पडलेलं चालणार नाही? म्हणाले, सूर्य दिसेनासा झाला की बॅटरीत आहे तेवढंच आपलं. तेव्हा कोणाला द्यायचं आणि कोणाचं तोडायचं हे आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी डोकं चालत नाही. मी परत आल्यावर यादी केली. पहिला वायरलेस आणि खाडीच्या तोंडावरचे लाल-हिरवे दिवे. मग कोल्डरूम. मग बर्फाचं मशीन, शेवटी शेडमधले दिवे. सोसायटीला एक प्रत दिली, एक भिंतीला चिकटवली. कोणी वाचली नाही, आणि मीही वाचून दाखवली नाही.

मग दिवाळीच्या आदल्या आठवड्यातलं ते वादळ आलं. इशारा शनिवारीच मिळाला होता आणि रविवारपर्यंत आपल्या सगळ्या बोटी आत आल्या. कोल्डरूम कधी नव्हे एवढी गच्च भरली. एकतीस बायकांचा माल, त्यात सगळ्यात जास्त पापलेट. सोमवारी सकाळी दहाला लाइट गेली. तारापूरचं वीजघर आपल्या गच्चीवरून दिसतं, पण मधले खांब आडवे झाले की आपण इतरांसारखेच अंधारात. जनरेटरच्या खोलीत भरतीचं पाणी शिरलं आणि तो पहिल्याच तासात गेला. वर आभाळ इतकं दाटलेलं की पॅनलमधून मोबाइल चार्ज होईल एवढीही वीज येईना. आणि तुमच्याकडेही तेच. ना काचांना ऊन, ना वलांडीला. खारवून सुकवायची सोयच नव्हती. मी बर्फाचं मशीन आणि शेड बंद केली, आणि कोल्डरूम चालू ठेवली. मंगळवारी सकाळी तू डबा घेऊन आलीस, आत डोकावलीस आणि विचारलंस, ‘राहील ना गो?’ मी म्हटलं, राहील.

साडेअकराला वायरलेस सांभाळणाऱ्या तात्यांनी त्यांच्या खोलीतून हाक मारली. वरच्या किनाऱ्यावरची एक बोट होती, धनसागर. पंख्यात जाळ्याचा दोर अडकलेला, इंजिन अर्धं मेलेलं, आत सात माणसं. आपल्या खाडीचं तोंड त्यांना सगळ्यात जवळ होतं, तरी उजाडायच्या आत पोचणं शक्य नाही असं बोट चालवणारा तांडेल सांगत होता. आवाज मधेच तुटत होता. शेवटी त्याने विचारलं, तुमचे दिवे चालू राहतील ना? तात्यांनी माईकवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, दोन्ही दिवे दिसले नाहीत तर बोट सरळ त्याच्यावर चढते, हे मी तुला काय सांगायचं.

मी बॅटरीकडे आले. चौतीस टक्के. दहाच्या खाली ती आपोआप तोडते, म्हणजे हातात चोवीस. कोल्डरूम चालू ठेवली तर रात्री नवाच्या आत सगळंच बंद, दिवे आणि वायरलेससुद्धा. कोल्डरूम तोडली तर दिवे आणि वायरलेस दोन दिवस चालतील. रूपेश सोसायटीचा सेक्रेटरी, पण तो पालघरला अडकलेला. चेअरमन मुंबईला. मोबाइलचे टॉवर गेलेले. विचारायला कोणी नव्हतं, आणि आई, खरं सांगते, कोणी असतं तरी मी विचारलं नसतं. मी परत जाऊन तात्यांना म्हटलं, सांगा त्यांना, राहतील. मग येऊन कोल्डरूमचा खटका पाडला. मोटर थांबली आणि बाहेरचा वारा एकदम मोठ्याने ऐकू यायला लागला.

पुढचं तुलाही माहीत आहे, पण मला ते माझ्या बाजूने एकदा सांगू दे. अर्ध्या तासात तू दारात होतीस, मागे पारूमावशी आणि पाच-सहा जणी. डोक्यावरून पाणी निथळत होतं.

‘खटका तू पाडलास?’

‘हो.’

‘आपल्या सगल्या बोटी आत हायत. मंग दिवा कोनासाठी?’

मी बोटीचं नाव सांगितलं. तुझा चेहरा बदलला. ते नाव गावात सगळ्यांना ठाऊक. मागच्या वर्षी आपल्या जाळ्यांचे खुंट उपटले ते त्याच किनाऱ्यावरच्या लोकांनी, भाग्येशदादाचं सगळं जाळं गेलं, पोलिसात जाऊन आलो आपण. तू एवढंच म्हणालीस, ‘त्यांच्यासाठी? आमचा माल त्यांच्यासाठी?’ मी म्हटलं, आई, सात माणसं आहेत. तू म्हणालीस, ‘आमी एकतीस हाव.’ तू हात पुढे केलास खटक्याकडे. मी मधे उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या वाटेत उभी राहिले. तू हात खाली घेतलास आणि निघून गेलीस.

बुधवारी पहाटे साडेपाचला धनसागर आत आली. जेटीवर आम्ही तिघंच होतो, तात्या, मी आणि भाग्येशदादा. हो, दादा. मी त्याला बोलावलं नव्हतं. तो आला, आणि ज्यांनी त्याचं जाळं फाडलं त्यांचा दोर पकडून त्याने खुंटाला बांधला. सातापैकी चार जण डोंगराकडचे होते, हंगामापुरते बोटीवर येणारे. त्यात चिंतू नावाचा जव्हारकडचा एक चाळिशीतला माणूस, ज्याला पोहतासुद्धा येत नव्हतं. जेटीवर पाय टेकला तसा तो मटकन बसला आणि मला म्हणाला, ‘बाई, हिरवा दिवा दिसला तवा दोन दिसांनी पयल्यांदा मला लगवी झाली.’ तात्या एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, आणि मग रडले.

संध्याकाळी सहाला लाइट आली. बॅटरीत अठरा टक्के उरले होते. त्या अठरावरून आजही मला टोमणे मिळतात, की बघा, शिल्लक होती. पण आधीच्या रात्री नवाला जे संपलं असतं ते पहाटे साडेपाचला कुठून आणलं असतं, हे कोणी विचारत नाही. मात्र तोवर माल गेला होता. दुपारीच वास सुटला होता. वाळूत खड्डा खणला आणि एकतीस जणी आपापली टोपली घेऊन आल्या. मी तुझी टोपली उचलायला पुढे झाले तर तू म्हणालीस, ‘हात लावू नको.’ तुझ्या कमरेचं दुखणं मला माहीत आहे. तू ती टोपली एकटीने नेलीस, ओतलीस, रिकामी समुद्रात धुतलीस आणि उपडी घालून घरी आलीस. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून मामाकडे.

धनसागरवाल्यांचा आभाराचा एक फोनही आला नाही. दोन दिवसांनी त्यांची दुसरी बोट आली आणि हिला ओढत घेऊन गेली. जाताना तांडेलाने फक्त तात्यांना हात केला. गावात यावरूनही बोलतात, बघ, कोणासाठी केलंस. मला त्याचं काही वाटत नाही. त्यांनी आभार मानावेत म्हणून मी दिवा ठेवला नव्हता. उद्या त्यांनी पुन्हा आपले खुंट उपटले तर मी पुन्हा पोलिसात जाईन, आणि त्या रात्री त्यांची बोट बाहेर असली तर पुन्हा दिवा ठेवीन.

या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. रूपेश दोनदा येऊन गेला. तो वाईट माणूस नाही, त्याला फक्त भांडण नको असतं. त्याने कागद टाइप करूनच आणला होता. माझ्या हातून चूक झाली, पुन्हा होणार नाही, खाली माझं नाव. ‘सही कर, उन्नती, विषय मिटतो. तुझी नोकरीपण राहते.’ पण त्याच सभेत ठरावही येणार आहे, की यापुढे बॅटरी आधी बर्फाला आणि कोल्डरूमला, दिवे आणि वायरलेस आपली बोट बाहेर असेल तरच. माझी सही म्हणजे त्या ठरावाचा पाया. मी सही केली नाही. भगवंत सरांना कुठूनतरी कळलं, त्यांचा फोन आला. त्यांच्या बंदरात माणूस हवा आहे, राहायला खोली, पगार इथल्या दुप्पट. मी नाही म्हटलं. सभेच्या आधी गेले तर पळाले असं होईल, आणि सभेनंतरही मला इथेच राहायचंय, त्यांनी ठेवलं तर जेटीवर, नाही ठेवलं तर गावात वायरीची कामं करीन.

इथपर्यंत वाचून तुला वाटलं असेल की पोरीने आपलं बरोबर कसं होतं ते सांगायला पत्र लिहिलंय. तसं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं असतं. आता जे लिहायचंय ते मी पाच आठवडे टाळत आले, आणि या पत्रातही एवढी पानं टाळलं.

आई, कोल्डरूमच्या दाराचं रबर फाटलेलं होतं. खालच्या कोपऱ्यात, वीतभर. गणपतीच्या दिवसांत मला दिसलं. नवं रबर बोईसरला मिळतं, जाऊन यायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. मी चिकटपट्टी लावली आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात. दर सोमवारी तपासणीच्या वहीत ‘दार ठीक’ असं लिहून सही करत राहिले. सलग सहा सोमवार. मोटर चालू असताना फरक कळत नव्हता, आणि माझं सगळं लक्ष बॅटरीवर, ती नवी, ती माझी शान. दार तुमचं होतं. वादळानंतर आठवड्याने मी गुपचूप रबर बदललं. आणि गेल्या सोमवारी, कोल्डरूम रिकामी होती तेव्हा, मी आत पाण्याचे गार केलेले क्रेट भरले, मधे चार पापलेटं ठेवली, खटका पाडला आणि दर तासाला बाहेरच्या काट्यावर थंडी बघत बसले. त्या वादळात नऊ तासांत आतली थंडी गेली होती. या वेळी एकतीस तास राहिली. पापलेटं कापून बघितली, कल्ले लालभडक. वादळात खटका पाडल्यापासून तीस तासांनी लाइट आली होती. म्हणजे दार धड असतं तर दिवाही राहिला असता आणि तुमचा मालही. तो माल दिव्याने खाल्ला नाही. माझ्या आळसाने आणि माझ्या खोट्या सहीने खाल्ला.

हे मला आणि आता तुला, आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. मी गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. पण मग रविवारी सगळे दिव्याला दोष देतील आणि ठराव पास होईल, आणि पुढच्या वादळात कोणीतरी दिव्यांचाच खटका पाडील. म्हणून मी सभेत पहिली उठणार आहे. दिव्याबद्दल माफी मागणार नाही, एक शब्दही नाही. दाराबद्दल सांगीन, वही पुढे ठेवीन, सहा सह्या दाखवीन, आणि सांगीन की दोन्ही सांभाळता येतात, फक्त दाराची तपासणी माझ्यासारखीच्या एकटीच्या सहीवर सोडू नका, बायकांमधल्या दोघींनी दर आठवड्याला दाराला हात लावून बघा. त्यानंतर मला काढलं तर ते बरोबरच होईल. पण एकतीस जणींच्या आधी हे तुला कळायला हवं होतं, आणि तेही माझ्याकडून. सभेत सगळ्यांबरोबर तुला कळलं असतं तर मी तुझ्याकडे बघू शकले नसते. तुझी खोली मी राखली नाही, आई. त्याची माफी मागते, आणि ती फक्त तुझ्याकडे मागते. सभा सकाळी दहाला आहे, लिलावाच्या शेडमध्ये. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर माझी बाजू घेऊ नकोस. मला जे म्हणायचं असेल ते सगळ्यांसमोर उभी राहून म्हण, आणि माझं ऐकून होईपर्यंत बस.

तुझीच,
उन्नती